सोबत कोण?

मंगळवार, २७ फेब्रुवारी

ताई,

वर मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. सात वर्षं न बोललेल्या बहिणीला काय म्हणावं हे शाळेच्या पुस्तकात नव्हतं, निदान नववीपर्यंतच्या तरी नव्हतं. म्हणून नुसतं 'ताई'.

पत्ता मामींनी दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाल्या, "नंबर कुणाला द्यायचा नाही असं तिने बजावलंय. पत्त्याचं काही बोलली नाही. तेव्हा पत्ता घे आणि माझं नाव सांगू नकोस." नाव सांगितलेलं नाही. 'मामी' हे काही नाव नव्हे.

माझ्या डोक्यात गाठ होती. जानेवारीत ऑपरेशन झालं. कर्करोग नाही, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, चुकलो. डॉक्टरांनी कागदावर 'निरुपद्रवी गाठ' असं लिहून दिलंय.

कळलं कसं ते सांगतो. मी आता पाट्यांच्या दुकानात कामाला आहे. पितळेवर नावं कोरतो. दुकानात मला 'व्याकरण' म्हणतात, कारण गिऱ्हाईकाने चुकीचं लिहून आणलं तरी मी बरोबर करून देतो. पाच वर्षांत एक पाटी चुकली नव्हती. नोव्हेंबरात एका दातांच्या डॉक्टरची पाटी केली आणि 'दंतवैद्य'वरचं टिंब राहिलं. ताई, मला ते दिसत होतं. पाटीवर नव्हतं, पण मला दिसत होतं. डॉक्टर पाटी घेऊन परत आला. म्हणाला, "काढायचं काम माझं आहे रे, तू कशाला माझं टिंब काढलंस?" सगळे हसले. मग त्याने माझ्या डोळ्यांसमोर एक बोट धरलं, हळूहळू उजवीकडे नेलं, आणि त्याचं हसू गेलं. "उद्याच्या उद्या डोळे तपासून घे," म्हणाला. तपासले. मग स्कॅन. उजव्या डोळ्याच्या मागे लिंबाएवढी गाठ.

बहुतेक काढली. पण एक पापुद्रा डोळ्याच्या नसेला चिकटून राहिलाय. तो खरवडला तर डोळा जाईल, ठेवला तर वाढत राहील आणि तरी डोळा जाईल. पितळेवरचा डाग जास्त घासला की डागाबरोबर अक्षरही जातं, तसं आहे हे. म्हणून त्याला किरणं द्यायची, म्हणजे तो आहे तिथे थांबेल. तीस सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, मध्ये खंड पाडायचा नाही. सहा झाल्या. आज सातवी व्हायची होती. झाली नाही, म्हणून हे पत्र.

ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी मला फिट आली, मोरीत पडलो. तेव्हापासून माझ्या कागदावर लाल शिक्का आहे, 'सोबत नातेवाईक आवश्यक'. खिडकीवरचा कारकून रोज मान वर न करता विचारतो, "सोबत कोण?" सोबत कुणी नसेल तर मशिनवर घेत नाहीत. सहा दिवस बाबा आले. काल आमचं भांडण झालं. आज एकटा गेलो.

"सोबत कोण?"

"बाबा येतायत मागून."

"येऊ देत. मग बघू."

तीन तास बसलो. समोर भिंतीवर पाटी आहे, 'सुचना : क्रुपया शांतता राखा'. पहिल्या दोन शब्दांत दोन चुका. तीन तास त्या दोन चुका बघत बसलो. मग कारकून जेवायला गेला आणि मी घरी आलो.

भांडण कशावरून, तर एका शब्दावरून. इथे सगळे किरणांना 'शेक' म्हणतात. बाबांना शेक म्हणजे गुडघ्याला देतात तो. रविवारी माझे केस निघाले, उशीवर मूठभर. काल बाबा ती उशी काखेत मारून डॉक्टरांसमोर उभे राहिले.

"साहेब, निरुपद्रवी म्हणजे काय?"

"म्हणजे कर्करोग नाही, काका. दुसरीकडे पसरत नाही."

"म्हणजे उपद्रव करत नाही."

"तसं नाही, जागा अशी आहे की..."

"गाठ निरुपद्रवी आणि शेक उपद्रवी. मग बंद काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी दहा मिनिटं समजावलं. बाबा उशी घेऊन बाहेर आले आणि मला म्हणाले, "मी तुला रोज आणून भाजायला देणार नाही. तुला जायचं तर जा." गवंडीकाम सोडून त्यांना चार वर्षं झाली, पण 'नाही' म्हणताना अजून भिंतच उभी करतात.

चोवीस सिटिंग राहिल्यात. तुला सुट्टी मिळेल का? काही करायचं नसतं, फक्त बसायचं असतं.

तुझा भाऊ

शनिवार, २ मार्च

ताई,

पहिलं पत्र पोचलं असेल. जलद टपालाने टाकलं होतं, पावती आहे माझ्याकडे.

बुधवार ते शुक्रवार दुकानाचे मालक सोबत आले. नात्यात 'काका' लिहिलं. तिन्ही दिवस त्या पाटीखाली बसून फोनवर ओरडत होते, "अरे ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षर उठत नाही, किती वेळा सांगू!" शुक्रवारी बाहेर पडताना म्हणाले, "व्याकरण, सोमवारपासून मला जमणार नाही. तू दुकानात नाहीस, मीही नाही, मग दुकानात काय पाट्याच बसणार?" त्यांचं चूक नाही. नऊ झाल्या.

आत काय करतात ते लिहितो, कारण बाबांनी ते ऐकूनच घेतलं नाही. प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबतात. ती तोंडाच्या आकाराची होते आणि कडक होते. मग रोज तोच मुखवटा घालून त्याच्या कडा टेबलाला पक्क्या अडकवतात, म्हणजे डोकं केसभरही हलू नये. गिळता येतं, बोलता येत नाही. बाहेर आलो की तासभर गालांवर जाळीचे चौकोन असतात. बाबा पहिल्या दिवशी म्हणाले होते, "चाळणीत तोंड घालून आलास का रे?" तेव्हा हसायचे तरी.

भाजत मुळीच नाही. काहीच होत नाही. फक्त नंतर अंगातलं सगळं कुणीतरी उपसून नेल्यासारखं वाटतं.

हॉलमध्ये बाकी सगळे कर्करोगाचे. पहिल्या दिवशी एकाने विचारलं, "तुझं कुठलं?" मी म्हणालो, "साधी गाठ आहे." तो म्हणाला, "साधी? मग आमच्या रांगेत कशाला घुसलास बाबा?" तेव्हापासून मी 'साधेराव'. एक मास्तरीणबाई आहेत, घशाचा कर्करोग, आवाज गेलाय, कुजबुजल्यासारखं बोलतात. त्याही म्हणतात, "या साधेराव." मला लाज वाटते, कारण त्यांच्यापुढे माझं खरंच काही नाही. आणि रागही येतो. डोळा जायचा तो माझाच जाणार ना? की साध्या गाठीने गेलेला डोळा साधा असतो?

काल मी त्याच बाईंना म्हटलं, सोमवारपासून माझी सोबत म्हणून तुम्ही सही कराल का. त्या लगेच उठून खिडकीशी गेल्या.

कारकून म्हणाला, "बाई, पेशंटला पेशंटची सोबत चालत नाही. नियम आहे."

"नियमात 'क्रुपया' बसतं, मग मी का नाही?" बाई कुजबुजल्या. त्याला कळलं नाही. मला कळलं. इतक्या दिवसांत ती चूक दिसलेलं दुसरं माणूस भेटलं.

तू उत्तर दिलेलं नाहीस. का, ते मला माहीत आहे. तू नवऱ्याचं घर सोडून परत यायचं म्हणत होतीस, आणि बाबांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं. 'इथे जागा नाही. दिलं तिथे राहा.' मी पंधरा वर्षांचा होतो. बाबांना लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिलं. शब्द बाबांचे होते, माझं फक्त अक्षर. अक्षराला कशाला शिक्षा देतेस?

सोमवारी सोबतीला कुणीही नाही.

तुझा भाऊ

बुधवार, ६ मार्च

ताई,

तुझं पाकीट दुपारी मिळालं. सोमवार, मंगळवार, बुधवार, तिन्ही दिवस खिडकीवरून परत आलोय. आज डॉक्टरांनी स्वतः बोलावून झापलं. "मिस्त्री अर्धा स्लॅब टाकून चार दिवस गायब झाला तर चालेल का तुझ्या वडलांना? खंड पडला की गाठीला उसंत मिळते. या आठवड्यात आला नाहीस तर पुढचं मी सांगू शकत नाही. डोळा तुझा आहे." हे मी बाबांना तसंच सांगितलं. बाबा म्हणाले, "स्लॅबचं त्याला काय कळतं?"

आणि मग पाकीट.

तू ते सात वर्षांपूर्वीचं पत्र सांभाळून ठेवलं असशील असं वाटलं नव्हतं. त्याची झेरॉक्स, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ, आणि रेघेशेजारी तुझे दोनच शब्द. 'हे कुणाचं?'

माझं.

चार दिवसांपूर्वी मी तुला लिहिलं, शब्द बाबांचे. खोटं लिहिलं. तुला खात्री नसेल असं धरून चाललो होतो. बाबा 'दिलं तिथे राहा' म्हणाले, मग 'बस, एवढंच' म्हणून उठून गेले. पानावर तीन ओळींची जागा उरली. शाळेत पत्रलेखनात समारोप नसला की एक गुण जायचा. तो माझा कधीच गेला नव्हता. मी समारोप घातला, 'तरी यापुढे आपण या पत्त्यावर पत्रव्यवहार करू नये, ही विनंती.' मला ते भारदस्त वाटलं. मोठ्या माणसाने लिहिल्यासारखं. तू माझा हात धरून मला 'अ' गिरवायला शिकवलंस, आणि मी तुला 'आपण' म्हटलं. वाचून पाहिलं ते फक्त शुद्धलेखनासाठी.

तू आली नाहीस, ते बाबांच्या शब्दांमुळे. पण तू लिहिलंही नाहीस, ते माझ्यामुळे. हे मला साधारण वर्षभराने कळलं, कारण पोस्टमन दिसला की बाबा विचारायचे, "तिचं काही?" मी 'नाही' म्हणायचो. मग ते म्हणायचे, "बघ, किती माज आहे. बापाने एकदा रागावून सांगितलं तर एक ओळ टाकू नये?" सात वर्षं हे चाललंय आणि सात वर्षं मी गप्प आहे. तेव्हाच सांगितलं असतं तर दोन थोबाडीत बसल्या असत्या. नंतर दर वर्षी ते जड होत गेलं.

पाकिटात बाबांसाठी वेगळं बंद पत्र आहे. वर तू लिहिलंयस, 'वाचून दाखव. काही गाळू नकोस, काही घालू नकोस.'

ते माझ्यासमोर टेबलावर आहे, अजून फोडलेलं नाही. बाबा बाहेर ओट्यावर बसलेत. त्यात काय असणार याचा अंदाज आहे मला. वाचलं तर माझ्याबरोबर यायला जे एकच माणूस आहे ते कायमचं तुटेल. आणि एखादी ओळ गाळली तर कुणाला कळणार? बाबांना वाचता येत नाही. मला येतं. आमचं घर इतकी वर्षं एवढ्यावरच चाललंय.

माझी सोबत मागायला मी तुला लिहिलं होतं. तू हे का पाठवलंस?

तुझा भाऊ

शनिवार, ९ मार्च

ताई,

वाचलं. सगळं, जसं होतं तसं.

'बाबा, पत्र पाठवू नका असं तुम्ही कळवलंत, म्हणून मी पाठवलं नाही,' इथे मी थांबलो. बाबा म्हणाले, "पुढे."

"बाबा, हे तुम्ही म्हणाला नव्हतात."

"मग तिने का लिहिलंय?"

"मी घातलं होतं. शेवटी."

"का?"

ताई, याचं एखादं चांगलं उत्तर असतं तर मी दिलं असतं. मी खरं तेच बोललो, "जागा उरली होती."

बाबांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मी उजवा डोळा मिटून घेतला. त्याने तसंही सगळं अंधुकच दिसतं, पण तेवढंही नको वाटलं. मग म्हणाले, "पुढचं वाच." तू दोन वर्षांनी ते घर एकटीने सोडलंस, शिवणाच्या कारखान्यात लागलीस, आता पंचवीस बायकांवर सुपरवायझर आहेस, हे मी वाचलं. टायफॉइड झाला तेव्हा घरी कळवावंसं वाटलं, पण ओळ आठवली, हेही वाचलं. बाबांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. जेवले नाहीत.

गुरुवारी सकाळी साडेनऊला ते चपला घालून दारात उभे. खिडकीवर कारकून म्हणाला, "सोबत कोण?"

"बाप."

"वडील लिहितो."

"बाप लिही. जे सांगतो तेच लिही."

मशिनवरून बाहेर आलो तर बाबा मास्तरीणबाईंच्या शेजारी, आणि बाई तुझं पत्र त्यांना कुजबुजत वाचून दाखवतायत. मी बरोबर वाचलं की नाही ते तपासत होते. बाई म्हणाल्या, "याने तुम्हाला वाचून दाखवलं तेच आहे ना?" बाबा म्हणाले, "तेच आहे." आणि मग, "पुन्हा एकदा वाचा."

शुक्रवारी बाई आल्या नव्हत्या, तर बाबांनी पत्र कारकुनाच्या खिडकीत सरकवलं. त्याला हळू वाचता येत नाही. तुझा टायफॉइड सगळ्या हॉलने ऐकला. माझी शेवटची ओळपण ऐकली, आणि ती कुणी घातली हे बाबांनी कारकुनाला सांगितलं तेही. मागून कुणीतरी म्हणालं, "साधेराव, तुम्ही दिसता तेवढे साधे नाही हां." मी त्या पाटीकडे बघत बसलो. दुसरं कुठे बघणार?

मास्तरीणबाईंनी गुरुवारी बाबांना विचारलं होतं, इतके दिवस आला नाहीत, मग आता कसे आलात? बाबा म्हणाले, "दोन डोळ्यांनी याने एवढं करून ठेवलंय. एकाने काय करील?"

माझ्याशी अजून बोललेले नाहीत. पण येतात. अकरा झाल्या.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुझ्या दोन्ही कागदांत कुठेच नाही. मी दोनदा शोधलं. येणार आहेस की नाही?

तुझा भाऊ

शुक्रवार, १५ मार्च, हॉस्पिटलच्या हॉलमधून

ताई,

हे घाईत लिहितोय, अक्षर बिघडलं तर सांभाळून घे. माझ्यापुढे अजून चार जण आहेत.

हे पत्र तुला बाबाच देतील. ते इथूनच बस स्टँडवर जाणार आहेत. मला सकाळी कळलं, तेही त्यांनी सांगितलं नाही. सोबत पिशवी का घेतली विचारलं तर म्हणाले, "तिच्या कारखान्याचा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून दे. कुणालाही दाखवला तर वाचता आला पाहिजे." आठ दिवसांत माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मला काय वाटलं असेल याचा तू विचार कर. मी तुला इकडे बोलावलं होतं. तू आली नाहीस ती नाहीस, वर माझ्याकडे होतं ते माणूसही ओढून नेलंस. मी त्यांना म्हटलं, जायचं तर माझं संपल्यावर जा, आता फक्त एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच तर आहे, चार खाडे धरून. म्हणाले, "सात वर्षं थांबलो, आता बसचं तिकीट काढेपर्यंत थांबवत नाही."

आज सोळावी. काल डोळ्यांची तपासणी झाली. उजवा होता तेवढाच आहे, कमी झालेला नाही. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढा टिकणं म्हणजेच जिंकणं, आणि उरलेल्या चौदा सिटिंग सलग व्हायलाच हव्यात. बाबांनी हे ऐकलं. मान हलवली. शेकाबद्दल एक शब्द काढला नाही.

लिहून झालं तेवढं आत्ता बाबांना वाचून दाखवलं, 'ओढून नेलंस' यासकट. आता हे असंच करायचं ठरलंय, पाकीट बंद करायच्या आधी सगळं मोठ्याने वाचायचं. समोरून मास्तरीणबाई ऐकत होत्या, त्यांनी मान डोलावली. बाबा म्हणाले, "बाकी राहू दे तसंच. फक्त तिला ये म्हणून लिहू नकोस. ते माझं मी म्हणीन."

म्हणून लिहीत नाही. नुसती माहिती देतो.

शनिवार-रविवार मशीन बंद असतं. सोमवारी अकराला माझा नंबर आहे. अकरा म्हणजे साडेदहाला खिडकीवर उभं राहायचं, कारण कारकून नावं पुकारत नाही, फक्त विचारतो. दोघांपैकी एकाने तरी तिथे असायला हवं. दोघं असलात तर एक अडचण आहे. मशिनच्या दाराशी सोबतीसाठी खुर्ची एकच असते. बाबांच्या गुडघ्यांना उभं राहवत नाही. तुला उभं राहावं लागेल.